कोपेश्वर खिद्रापुरात, नंदी येडूरला

शंकराच्या देवळात शिरताना नजर सवयीने नंदी शोधते. आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा, शिंगांवर बोटे टेकवून त्यांच्या मधून पिंडीकडे पाहायचे, मनात काही असेल तर त्याच्या कानात सांगायचे आणि मगच उंबरा ओलांडायचा. खिद्रापूरच्या कोपेश्वराकडे मात्र असे काही करता येत नाही. मंडपामागून मंडप आहेत, खांबांची रांगच रांग आहे, हत्ती तर मोजून थकावे इतके आहेत, पण नंदी नाही. चौकशी केली तर शाळकरी पोरगासुद्धा चटकन सांगतो की नंदी येडूरला आहे.

खिद्रापूर हे कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्याचे पूर्वेकडचे टोक. नृसिंहवाडीला पंचगंगा पोटात घेऊन कृष्णा पुढे निघते, कुरुंदवाड मागे टाकते आणि महाराष्ट्राचा निरोप घेण्याआधी या गावाला मोठा वळसा घालते. पलीकडच्या काठावर जुगूळ आहे, तिथल्या पाट्या कन्नड आहेत. येडूर त्याच नदीच्या काठी काही मैलांवर, बेळगाव जिल्ह्यातल्या चिक्कोडी तालुक्यात. म्हणजे देव महाराष्ट्रात आणि त्याचे वाहन कर्नाटकात. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत इथून हद्दीची रेघ गेली खरी, पण देव आणि नंदी यांची ताटातूट त्या रेघेच्या कितीतरी आधीची आहे. या देवळाची कथा आणि त्याचा इतिहास, दोन्ही एकाच काठावर उभे राहून पुरे समजत नाहीत, असे मला वाटते.

कथा दक्षाच्या यज्ञाची आहे. दक्ष प्रजापतीने मोठा यज्ञ मांडला, तिन्ही लोकांना आवतणे धाडली आणि लेक-जावयाला तेवढे वगळले. सतीला वाटले, माहेरी जायला आमंत्रण कशाला हवे? शंकराने परोपरीने समजावले, तरी तिचा हट्ट सुटेना. निदान एकटी जाऊ नकोस म्हणून त्याने आपला नंदी तिच्यासोबत दिला. नंदीवर बसून सती यज्ञाच्या ठिकाणी आली. ते ठिकाण म्हणजे येडूर, असे या भागात मानतात. तिथे भरल्या मंडपात बापाने जावयाची निंदा केली. मुलीशी धड कोणी बोलले नाही. सतीने यज्ञकुंडात उडी घेतली. जिला परत न्यायचे तीच उरली नाही, तेव्हा नंदी तिथेच बसून राहिला. तो आजही तिथेच आहे, आणि त्याचे तोंड खिद्रापूरकडे आहे, असे भाविक सांगतात.

ही वार्ता कळताच शंकराचा कोप झाला. त्या कोपातून वीरभद्र निघाला, त्याने यज्ञ उधळला, दक्षाचे मस्तक उडवले. पुढे देवांनी रदबदली केल्यावर दक्षाला बोकडाचे तोंड बसवून जिवंत करण्यात आले, तरी शंकराचा राग काही शमेना. तेव्हा विष्णूने त्याची समजूत काढली आणि नदीकाठच्या या जागी त्याला शांत केले. कोपलेला शिव इथे बसला तो कोपेश्वर, आणि समजूत घालणारा विष्णू त्याच्या शेजारी बसला तो धोपेश्वर. म्हणून गाभाऱ्यात एका पिंडीऐवजी दोन लिंगे आहेत. विष्णूने लिंगाच्या रूपात शंकराशेजारी बसावे आणि दोघांची एकाच वेळी पूजा व्हावी, हे इतरत्र सहसा पाहायला मिळत नाही. बाहेर शैव-वैष्णवांचे वाद कितीही रंगोत, या गाभाऱ्यात रागावलेला आणि त्याची मनधरणी करणारा अशी दोघांची वाटणी झालेली आहे.

पुराणे वाचणारा इथे अडखळेल. दक्षयज्ञाची पुराणांतली जागा हरिद्वारजवळचे कनखल. ती कृष्णाकाठी कशी आली? पण येडूरला गेले की या प्रश्नाची धार बोथट होते. तिथले मुख्य दैवत वीरभद्र आहे. वीरशैव समाजाचे ते मोठे क्षेत्र, महाराष्ट्रातूनही तिथे लोक दर्शनाला जातात. म्हणजे नुसता नंदीच नव्हे, यज्ञ उधळणारा वीरही येडूरला आणि ज्याच्या क्रोधातून तो निघाला तो स्वामी खिद्रापुरात. कथेतली पात्रे गावागावांत वाटून दिली आहेत. ज्या कोणी पिढ्यांनी ही मांडणी केली त्यांना दोन्ही गावे एकाच मुलखात दिसत होती, मधली नदी त्यांना अडसर वाटत नव्हती. मला ही कथा भूगोलासारखी वाचावीशी वाटते. नकाशावर दोन ठिपके आहेत आणि त्यांना जोडणारी एक सासुरवाशीण आहे.

नदीचीही आपली कथा आहे. सह्याद्रीवर ब्रह्मदेवाने यज्ञ केला, त्या वेळच्या रुसव्यातून सावित्रीने देवांना शाप दिला आणि देव नद्या झाले. विष्णू झाला कृष्णा, शिव झाला वेण्णा आणि ब्रह्मदेव झाला ककुद्मती, म्हणजे आपली कोयना. पद्मपुराणातल्या कार्तिकमाहात्म्यात ही कथा येते. वेण्णा माहुलीला आणि कोयना कऱ्हाडला कृष्णेत मिसळते, त्यामुळे खिद्रापूरला येणाऱ्या पाण्यात विष्णू आणि शिव आधीच एक झालेले असतात. गुरू कन्या राशीत गेला की वर्षभर गंगा कृष्णेच्या भेटीला येते, ही कन्यागताची समजूत वाईपासून नृसिंहवाडीपर्यंत घरोघरी आहे. २०१६ साली कन्यागत झाले तेव्हा या पट्ट्यातल्या घाटांवर स्नानाला पाय ठेवायला जागा नव्हती.

आता इतिहासाकडे. गावाचे जुने नाव कोप्पम किंवा कोप्प. खिद्रापूर हे नाव पुढे मुसलमानी अमलात कोणा खिद्रखानावरून पडले, असे सांगतात. यादवांच्या शिलालेखात देव ‘कोप्पेश्वर’ म्हणून येतो. कोप्पचा ईश्वर तो कोप्पेश्वर, इतके साधे हे नाव असणार, आणि त्यातून कोपाची कथा फुलली असणार, असे म्हणायला जागा आहे. पण कथा नावावरून आली म्हणून ती हलकी ठरत नाही. एखाद्या गावाला नावाचा अर्थ लावावासा वाटला आणि त्याने त्यासाठी सतीची गोष्ट निवडली, यातच त्या गावाचे मन दिसते. शिवाय कोप्पम या नावाबरोबर अकराव्या शतकातली एक घनघोर लढाईही जोडली गेली आहे.

त्या वेळी दख्खनचे मालक होते कल्याणीचे चालुक्य आणि तमिळ देशाचे चोळ. मधल्या मुलखासाठी त्यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्या चालले. राजाधिराज चोळाने एका स्वारीत थेट कल्याणी जाळली आणि तिथला एक दगडी द्वारपाल उचलून नेला. त्याच्या पायथ्याशी तमिळ लेख कोरून घेतला की, कल्याणपूर जाळून विजयराजेंद्राने आणलेला हा द्वारपाल. ती मूर्ती दारासुरमच्या देवळात होती, आता तंजावरच्या संग्रहालयात आहे. शत्रूच्या देवळाच्या दारातला राखणदार पळवून आपल्या दारात उभा करायचा, इतके हे वैर खोल होते.

१०५४ च्या सुमारास राजाधिराज पुन्हा उत्तरेकडे निघाला. बरोबर धाकटा भाऊ राजेंद्र होता. चालुक्यांचा राजा पहिला सोमेश्वर, ज्याला आहवमल्ल म्हणत, कोप्पमला सामोरा आला. चोळांच्या लेखांत हे कोप्पम ‘महानदी’च्या काठी आहे. राजाधिराज हत्तीवर बसून लढत होता. चालुक्यांच्या सैन्याने इतर सगळे सोडून त्या एका हत्तीवर मारा धरला आणि राजा हौद्यातच पडला. राजा पडताच चोळांची फळी फुटली, पळापळ सुरू झाली. त्या क्षणी मागे असलेला राजेंद्र आपला हत्ती पुढे घालून लढाईत उतरला. त्याच्या हत्तीच्या मस्तकात बाण घुसले, त्याच्या स्वतःच्या मांड्यांत घुसले, पण तो हटला नाही. पळणारे परत फिरले आणि हरलेली लढाई चोळांनी जिंकली. सोमेश्वराचा भाऊ जयसिंह पडला, सोमेश्वराने रणांगण सोडले, हत्ती-घोडे-उंट आणि राणीवशातल्या स्त्रिया चोळांच्या हाती लागल्या. भावाचे प्रेत जवळ असताना, जखमा बांधायच्या आत, राजेंद्राने त्याच मैदानात स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला. नंतरच्या तमिळ लेखांत राजाधिराजाला ‘हत्तीवर निजलेला राजा’ असे म्हटले आहे.

ही हकीकत चोळांच्या प्रशस्तींतली आहे, हे विसरून चालणार नाही. चालुक्यांच्या दरबारचा काश्मिरी कवी बिल्हण आपल्या ‘विक्रमांकदेवचरिता’त सोमेश्वराने कांची मारली असे सांगतो, कोप्पमच्या पराभवाचा उच्चारही करत नाही. दोन्ही बाजूंचे भाट आपापल्या धन्याचे मीठ खात होते. तरी राजाधिराज रणात पडला हे चोळांनाच कबूल करावे लागले, त्यामुळे लढाईचा गाभा खरा मानायला हरकत नाही. चोळांनी कोल्हापुरात जयस्तंभ उभारल्याचेही त्यांचे लेख सांगतात.

हे कोप्पम म्हणजे खिद्रापूर, असे मत फ्लीट या इंग्रज लेखतज्ज्ञाने मांडले. जुने नाव जुळते, महानदी म्हणजे कृष्णा जुळते, कोल्हापूर जवळ आहे. दुसरा पक्ष कर्नाटकातले कोप्पळ पुढे करतो. तेही जुने ठिकाण, त्याचेही नाव जुळणारे, पण ते कोणत्या महानदीच्या काठावर नाही, तुंगभद्रेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या बाजूला आहे. मला स्वतःला फ्लीटचे म्हणणे अधिक पटते. मात्र खिद्रापूरच्या शिवारात हत्तीची हाडे किंवा बाणांची पाती सापडली म्हणून नव्हे. कृष्णेसारखी नदी, पलीकडून येणारी फौज आणि जवळच देवीचे कोल्हापूर, हे सगळे या ठिकाणी एका जागी येते म्हणून.

हरलेल्या सोमेश्वराचा शेवटही नदीतच झाला. असाध्य दुखण्याने पिडलेल्या या राजाने १०६८ साली कुरुवत्तीजवळ तुंगभद्रेत उतरून जलसमाधी घेतली. त्याचा मुलगा सहावा विक्रमादित्य पुढे दख्खनचा सर्वांत मोठा राजा झाला आणि त्याने कऱ्हाडच्या शिलाहार घराण्याची मुलगी चंद्रलेखा केली. तिच्या स्वयंवराचे बिल्हणाने भरभरून वर्णन केले आहे. इथून शिलाहार आपल्या गोष्टीत येतात.

कोल्हापूरचे शिलाहार आपल्या लेखांत स्वतःला तगरपुरवराधीश्वर म्हणवतात. तगर म्हणजे आजचे तेर. महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभलेले, असेही एक बिरुद ते लावत. चालुक्यांचे मांडलिक म्हणून त्यांनी कऱ्हाड, मिरज, कोल्हापूर आणि घाटाखालचा काही मुलूख राखला. खिद्रापूरचे आज दिसणारे देऊळ साधारणपणे यांच्या काळातले, बाराव्या शतकातले मानतात, आणि बांधणारा म्हणून गंडरादित्याचे नाव घेतले जाते. या राजाविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्याने मिरज प्रांतात गंडसमुद्र नावाचा मोठा तलाव बांधला आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि जिन अशा तिघांची देवळे उभारून तिघांनाही जमिनी दिल्या. त्याचा सेनापती निंबदेव जैन होता. गंडरादित्याचा नातू दुसरा भोज याच्या राज्यात, १२०५ साली, आजऱ्याला सोमदेव नावाच्या जैन पंडिताने ‘शब्दार्णवचंद्रिका’ हा व्याकरणग्रंथ पुरा केला. खिद्रापुरातही कोपेश्वराच्या जवळच आदिनाथाचे जुने जैन मंदिर आहे. या पट्ट्यात आजही जैन शेतकऱ्यांची गावेच्या गावे आहेत. ऊस, तंबाखू, भाजीपाला पिकवणारी ही माणसे घरात मराठी बोलतात, नदीपलीकडच्या सोयऱ्यांशी कन्नड बोलतात. बाराव्या शतकातले दरबारी चित्र त्यांच्याकडे पाहिले की पटू लागते.

देवळाची मांडणी पूर्व-पश्चिम आहे. आधी स्वर्गमंडप, मग सभामंडप, अंतराळ आणि शेवटी गाभारा. स्वर्गमंडप म्हणजे ४८ खांबांचा, भिंती नसलेला, चहूबाजूंनी मोकळा मंडप. मध्ये बारा खांबांचे कडे आहे आणि त्यांच्या डोक्यावर छताला सुमारे १३ फूट व्यासाचे गोल उघडे आहे. त्याच्या बरोबर खाली, त्याच मापाची, जमिनीत बसवलेली गोल अखंड शिळा. तिच्यावर उभे राहून मान वर केली की छताच्या कडेने कार्तिकेय आणि आठ दिशांचे राखणदार आपापल्या वाहनांवर बसलेले दिसतात आणि त्यांच्या मधोमध आभाळ. पावसाळ्यात ते आभाळ सरळ शिळेवर उतरते. घुमट अपुरा राहिला म्हणून हे भोक उरले, अशी एक शंका अभ्यासक घेतात. पण वरचे वर्तुळ आणि खालची शिळा यांचे माप ज्या नेमकेपणाने जुळते ते पाहता, निदान ते उघडे ठेवण्याचे नंतर का होईना कोणाच्या तरी मनात पक्के झाले असावे.

एखाद्या खांबापाशी थांबून तो नीट पाहावा. तळाशी चौकोनी, मग अष्टकोनी, मग गोल, मध्येच पुन्हा धारदार पैलू, वर एकावर एक चढवल्यासारख्या पातळ कड्या. काळा कातळ इतका घोटलेला की हात ठेवला तर उन्हाळ्यातही गार लागतो आणि बोटांची सावली त्यात अंधूक उमटते. कड्यांच्या दोन थरांमधली खाच एवढी अरुंद आहे की तिच्यात छिन्नी कशी फिरवली असेल, याचा अंदाज लागत नाही. असे खांब एक-दोन नव्हेत, मंडपभर आहेत, आणि दोन खांब पुरते सारखे नाहीत. ज्या हातांनी ते घडवले त्यांची नावे कोणत्याही ताम्रपटात नाहीत. राजांच्या वंशावळी मात्र पानेच्या पाने आहेत. या हातांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

बाहेरून देवळाला फेरी मारली की खाली गजथर लागतो. नव्वदीहून अधिक हत्ती देवळाचा भार पाठीवर घेऊन उभे आहेत, कोणाच्या पाठीवर देव, कोणाच्या पाठीवर स्वार. त्यांच्या वर भिंतीभर सुरसुंदरी, वादक, रामायण-महाभारतातले प्रसंग, पंचतंत्रातल्या गोष्टी. आत शिरतानाच्या दारांना दगडी जाळ्या आहेत, त्यांतून सभामंडपात उजेड गाळून येतो. स्वर्गमंडपातला लख्ख उजेड, सभामंडपातला मंद आणि गाभाऱ्यातला अंधार, असे टप्पे पार करत माणूस त्या दोन लिंगांपाशी पोचतो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला जो वेळ लागतो, त्या वेळात रागाची आणि समजुतीची कथा आठवते.

हत्तींच्या सोंडा मात्र बहुतेक तुटलेल्या आहेत. अनेक मूर्तींचे नाक, हात, चेहरे छिन्नीने उडवलेले आहेत. ही तोडफोड औरंगजेबाच्या फौजेने केली, असे गावात सांगतात. १७०१ साली पन्हाळा आणि १७०२ साली विशाळगड त्याच्या हाती आला, म्हणजे त्याचे सैन्य या मुलखात वावरत होते, हे खरे. कोणी केले याचा लेख मागे राहिलेला नाही. पण घाव पाहिले की ते ओळीने, हाताच्या उंचीवर, सवडीने घातलेले दिसतात आणि पाहणाऱ्याचे मन कष्टी होते.

देवळात डझनभर शिलालेख आहेत. बहुतेक जुन्या कन्नडात आहेत, आणि हे आपण मोकळेपणाने सांगायला हवे, कारण त्या काळी या मुलखाची लेखी भाषा कन्नडच होती. एक लेख मात्र संस्कृतात, देवनागरी लिपीत आहे. तो दक्षिण दारापाशी आहे आणि तो देवगिरीच्या दुसऱ्या सिंघणाचा आहे.

सिंघण यादव गादीवर आल्यावर त्याने दक्षिणेकडे मोर्चा वळवला. पन्हाळा ही दुसऱ्या भोजाची राजधानी. साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंतचे १५ गड त्याने बांधले अशी परंपरा आहे. इतके गड बांधणारा राजा गडातच पकडला गेला. १२१२ च्या सुमारास सिंघणाने पन्हाळा घेतला, भोज कैद झाला आणि कोल्हापूरच्या शिलाहारांचे राज्य संपले. यादवांच्या एका लेखात सिंघणाला पन्हाळ्याचा भोजरूपी सर्प पळवणारा गरुड म्हटले आहे. ज्या घराण्याच्या निशाणावर सोन्याचा गरुड होता, त्याच घराण्याच्या शेवटच्या राजाला सापाची उपमा मिळाली.

त्यानंतर लगेच, शके ११३६ मध्ये, चैत्रातल्या सूर्यग्रहणाच्या पर्वावर सिंघणाने कोप्पेश्वराला कृष्णेच्या संगमाजवळचे कूडलदामवाड हे गाव इनाम दिले. ते आजचे कुरुंदवाड, असे मानतात. मला या लेखात राजकारण आणि श्रद्धा यांची सरमिसळ स्पष्ट दिसते. नवा धनी मुलखात आला आहे, हे रयतेला कळवायचे कसे? सगळे ज्याला मानतात त्या देवाला त्याने गाव दिले, ग्रहणाच्या दिवशी, नदीकाठी गर्दी जमलेली असताना, आणि देवगिरीच्या लिपीत ते दगडावर कोरून ठेवले. शिलाहारांच्या देवळात यादवांचा हा लेख आल्याने राज्य बदलल्याचा पुरावा राहिला आणि देवाची पूजाही खंडली नाही.

खिद्रापूरच्या परंपरांमध्ये आता कार्तिकी पौर्णिमेची भर पडली आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री मंदिरात दिवे लावतात आणि मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र स्वर्गमंडपाच्या त्या गोल उघड्यातून बरोबर माथ्यावर दिसतो. खाली शिळेवर चांदण्याचे वर्तुळ पडते. गेल्या काही वर्षांत ते पाहायला लांबून लोक येतात. हा चमत्कार आहे का? गणित सोपे आहे. नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला असतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर, म्हणून तो तेवढाच उत्तरेला जातो. खिद्रापूर सुमारे पावणेसतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून मध्यरात्री चंद्र डोक्यावर येतो. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असल्यामुळे आणि पौर्णिमेची तारीख मागेपुढे होत असल्यामुळे दर वर्षी तो अगदी नेमका माथ्यावर येत नाही, कधी थोडा सरकलेला असतो. हाच हिशेब सूर्याला लावला तर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य त्या वर्तुळात येतो. या दिवसांना मात्र गर्दी नसते. बांधणाऱ्यांनी हा हिशेब करून वर्तुळ ठेवले का, हे सांगणारा लेख नाही. पण कार्तिकात नदीवर दिवे सोडण्याची चाल, हरिहर भेटीचा महिना आणि माथ्यावरचा चंद्र या तिन्ही गोष्टी इथे एका रात्रीत जुळतात, त्याचा आनंद हिशेबाने कमी होत नाही.

नदी इथे देवाइतकीच मोठी आहे. नृसिंहवाडीला पूर आला की पाणी दत्ताच्या पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडते. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि लोक त्या पाण्यात स्नान करतात. पुराला सोहळा म्हणणारी ही माणसे २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी मात्र हादरली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुक्यातली कित्येक गावे दिवसच्या दिवस पाण्याने वेढलेली होती. गुराढोरांसह माणसे बाहेर काढावी लागली. खिद्रापूर वळणावर असल्यामुळे इथे पाणी लवकर चढते आणि उशिरा उतरते. आठशे वर्षे टिकलेल्या कातळाला पाण्याचे भय नाही, असे म्हणणे सोपे आहे. पण पाणी ओसरल्यावर खाचांमध्ये बसणारा गाळ, पायाखालची भिजून फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन आणि त्यामुळे हलणारे सांधे यांची काळजी दर पुरानंतर घ्यायला हवी. देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तेव्हा ही मागणी करणे अवाजवी नाही.

आणखी एक मागणी आहे, तीही लवकर पुरी व्हावी. देवळातल्या शिलालेखांचे वाचन अभ्यासकांच्या जुन्या खंडांत पडून आहे. यात्रेकरू त्या अक्षरांवरून हात फिरवून पुढे जातो. प्रत्येक लेखाशेजारी त्याचा मजकूर आणि अर्थ मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत लावावा. जुगूळ, शिरगुप्पी, येडूरकडून येणारा भाविक आणि कुरुंदवाड, इचलकरंजीकडून येणारा भाविक एकाच रांगेत उभे असतात. सिंघणाने कोणते गाव दिले, कन्नड लेखांत कोणाची दाने नोंदली आहेत, हे दोघांनाही आपल्या भाषेत वाचता यावे. येडूरच्या नंदीपाशी खिद्रापूरची माहिती आणि खिद्रापूरच्या दारात येडूरची वाट सांगणारा फलक असावा. दर्शनाला आलेल्याने दोन्हीकडे जायचे, आधी नंदी आणि मग देव, असा क्रम जुनी माणसे सांगतात. ज्यांच्या हातात एक दिवस मोकळा आहे त्यांनी सकाळी येडूर करावे, वीरभद्र आणि नंदी पाहावे आणि दुपार टळायच्या आत खिद्रापूर गाठावे. त्या वेळी ऊन कलते झालेले असते आणि गजथरावरचे हत्ती एकेक करून नीट पाहता येतात.